नवव्या तळ्याचा नमुना

नवव्या तळ्याचा आकडा साडेचारवर आला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर खापर फोडतोय असं पुढे कोणाला वाटायला नको.

आमच्याकडे जमिनीखालून खारं पाणी वर काढतात. त्यात लिथियम असतं, पण अगदी थोडं. ते पाणी पहिल्या तळ्यात सोडायचं, उन्हात आटू द्यायचं, मीठ खाली बसलं की उरलेलं पुढच्या तळ्यात ढकलायचं. अशी नऊ तळी. पहिल्या तळ्यात पडलेलं पाणी नवव्यात पोचायला दीड वर्ष लागतं. तिथे ते तेलासारखं दाट होतं आणि त्यात शंभराला सहा भाग लिथियम येतं. मग टँकरने बंदरावर, तिथून परदेशात. तिथे त्याची पांढरी भुकटी होते, भुकटीच्या बॅटऱ्या होतात, आणि त्या आपण दामदुपटीने विकत घेतो. ही म्हणायची, "गाय आपली, चारा आपला, आणि शेजारी दूध काढून आपल्यालाच रतीब घालतो."

ही म्हणजे माझी बायको. तळ्यांचे नमुने घ्यायचं काम तिचं होतं आणि पंपांचं माझं. एकवीस वर्षं आम्ही दोघं तिथेच होतो. खांद्यावरच्या पिशवीत कायम रिकाम्या बाटल्या, म्हणून तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. नवीन आलेला ड्रायव्हर हे नाव ऐकून भलतंच समजायचा, आणि ही त्याला चार दिवस तसंच समजू द्यायची.

नमुना घ्यायची तिची रीत ठरलेली होती. सपाट बुडाची एक होडी होती. मी वल्ही धरायचो, ती पुढे बसायची. तळ्याच्या मध्यावर गेलं की वजन बांधलेली बाटली दोरीने खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर बुचाची दोरी ओढायची, बाटली भरली की वर घ्यायची. एक वरची, एक मधली, एक तळाची. तिन्हींवर चिठ्ठ्या. काठावर बाटली भरायची नाही, आणि पंपघराच्या पायरीवर तर मुळीच नाही. पंपात मीठ धरतं म्हणून दर पाळीला तो गोड्या पाण्याने धुवावा लागतो, आणि ते धुणं पायरीवरून तळ्यातच उतरतं. तिथे भरलेली बाटली म्हणजे पाणी घातलेलं दूध. आमच्याकडे काल लागलेल्या माणसालाही हे माहीत असतं.

गेल्या वर्षी लिथियमचा भाव पडला. जगात सगळीकडे माल साठला असं साहेब सांगायचे. टँकर बंद झाले, नवी भरती बंद झाली. त्याच दिवसांत ही आजारी पडली. रक्तातलं दुखणं होतं. अकरा आठवड्यांत आटोपलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

तेराव्या दिवशी मी कामावर गेलो तर साहेबांनी सांगितलं की माणूस मिळणार नाही, नमुन्यांचं तुम्हीच बघा. मी हो म्हणालो. बाटल्या घेतल्या, होडी सोडली. मध्यावर गेलो, आणि "अगं, जरा डावीकडे सरक," म्हणालो. बोलून झाल्यावर कळलं. शिवाय एकट्याला ते जमतही नव्हतं. वल्ही सोडली की वारा होडी फिरवायचा, वल्ही धरली तर दोरी कोण धरणार? मी परत आलो आणि पायरीवर बसून तिन्ही बाटल्या भरल्या. वरची, मधली, तळाची, अशा चिठ्ठ्या लावल्या. एका दिवसापुरतं, असं स्वतःला सांगितलं.

ते सात महिने चाललं.

आकडा आधी पाच आला, मग पावणेपाच. पंप जुना होत गेला तसं धुणं वाढलं आणि धुणं वाढलं तसा आकडा उतरला. कचेरीने अंदाज बांधला की तळ्याखालचं प्लॅस्टिकचं अस्तर फाटलं असणार आणि खालून पाणी शिरत असणार. माझ्यावर कोणाचा संशय गेला नाही. बाटलीबाईच्या नवऱ्यावर कोण संशय घेईल? टँकर बंद म्हणून बंदरावरची तपासणीही बंद होती. तळ्याच्या वतीने बोलायला माझ्या तीन बाटल्यांशिवाय काही उरलं नव्हतं, आणि त्या तिन्ही खोटं बोलत होत्या.

मग एका सोमवारी फाटकाजवळ नोटीस लागली. सरकार आमच्या इथे भुकटीचा कारखाना काढणार होतं. त्यासाठी जमीन सपाट करून चार वर्षं झाली होती. हिने त्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या, मंत्रालयात जाऊन तीनदा बाकड्यावर बसून आली होती. आमची लेक रसायन शिकली आणि परदेशात तसल्याच कारखान्यात नोकरीला लागली, कारण इथे तो नव्हताच. नोटिशीत लिहिलं होतं की नवव्या तळ्याचा कस साडेचारवर आला आहे, एवढ्या कसावर कारखाना परवडत नाही, म्हणून तो रद्द. विहिरी आणि नऊही तळी पंचवीस वर्षांसाठी खरेदीदार परदेशी कंपनीला. माल पाण्याच्याच रूपात जाईल. कामगारांचं म्हणणं ऐकायला मंत्रालयातल्या बाई गुरुवारी येतील, नंतर सह्या.

मी ती नोटीस दोनदा वाचली. साडेचार हा आकडा माझा होता. पंचवीस वर्षांचा करार माझ्या आळसावर उभा होता.

दुपारच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेलो. तिथे माझी मेहुणी असते, हिची धाकटी बहीण. बाटल्या तपासून आकडे तीच काढते. ती डबा खात होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती खात राहिली. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून पुन्हा सुरुवात केली.

"माहीत आहे, भावोजी," ती म्हणाली. "तीन खोल्यांवरच्या तीन बाटल्या सात महिने सारख्या येत नसतात. तळाची कायम दाट येते. ताईनेच शिकवलंय मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

तिने डब्याचं झाकण लावलं. तिला वाटलं होतं की थोडे दिवस जाऊ द्यावेत, भावोजी आपणहून होडी काढतील. टँकर तर बंदच आहेत, कोणाचं काय बिघडतंय. असं म्हणता म्हणता महिने गेले आणि मग सांगायची लाज वाटायला लागली. घरात भांडं फुटलं की दोघं मिळून तुकडे फडताळाखाली ढकलतात, तसं आमचं झालं होतं. पण आता तिने एक सांगितलं. "तुम्ही बोलणार असाल तर मीही बोलेन. पण अर्धं नको. अर्धं बोलायचं असेल तर आत्ताच घरी जा."

मी आधी साहेबांकडे गेलो. त्यांना सभेत तोंडावर पाडणं बरं नव्हतं, त्यांनी हिच्या आजारपणात मला रजा दिली होती. साहेबांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं. मग म्हणाले की पंपकाका, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं धरू. तुमच्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत. खोट्या चिठ्ठ्या म्हणजे सरळ बडतर्फी, पेन्शनवर पाणी. शिवाय त्या प्रत्येक तक्त्यावर माझी सही आहे. आणि करून मिळणार काय? भाव जमिनीला टेकलाय. आज तळ्यात सोनं असतं तरी कोणी विचारणार नाही. जो घेतोय त्याला घेऊ द्या.

मी शिकलेला नाही, पण भावाची ही गोष्ट मला पटली नाही, आणि तसं मी सांगितलं. आम्ही आज जे पाणी वर काढतो ते दीड वर्षाने विकतो. आजचा भाव बघून तळं विकायचं म्हणजे आज पाऊस नाही म्हणून छत्री रद्दीत घालायची. एकवीस वर्षांत मी हा भाव तीनदा पडताना आणि तीनदा चढताना पाहिलाय. दर वेळी पडल्यावर कोणीतरी घ्यायला येतं. चढल्यावर कोणी येत नाही. ज्याला पंचवीस वर्षांसाठी पाहिजे त्याला आजच का पाहिजे, हे साहेबांनी विचारलंय का?

"तो प्रश्न माझ्या पातळीवरचा नाही," साहेब म्हणाले.

"बाटल्या माझ्या पातळीवरच्या आहेत," मी म्हणालो आणि दार उघडलं.

गुरुवारी सभा कॅन्टीनमध्ये होती. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. मंत्रालयातल्या बाई साठीकडे झुकलेल्या, हातात स्वतःचीच वही. शेजारी खरेदीदाराचा इंजिनिअर. त्याला आम्ही बूटवाला म्हणायचो. मिठावर चालायचं तर आम्ही सगळे रबरी गमबूट घालतो, हा आला तेव्हापासून काळ्या चामड्याच्या चकचकीत बुटात. मिठाला टाळून पाय कसा टाकावा हे त्याच्याकडून शिकावं.

दोघातिघांनी आपलं म्हणणं मांडलं. कोणी म्हणालं कारखाना पाहिजे, कोणी म्हणालं निदान नोकऱ्या ठेवा. बाई लिहून घेत होत्या, पण नव्या करारातही नोकऱ्या राहतील असं कलम आहे, एवढंच त्या सांगत होत्या. मी उठलो. मी म्हणालो की साडेचार हा आकडा खोटा आहे. सात महिने नमुने मी पायरीवरून भरले आणि तिन्ही खोल्यांच्या चिठ्ठ्या मीच लावल्या. तळं बरोबर आहे, मी चुकलो.

मागून कोणीतरी, बहुतेक वेल्डर, हळूच म्हणाला, "पंपकाका, बसा खाली, मेलात."

बूटवाला हसला. तो मराठी नीट बोलायचा. त्याने बाईंना सांगितलं की यांची चूक असेल, पण आमचा स्वतंत्र नमुना आहे. तो मी स्वतः घेतला. तोही साडेचारच आला.

"कुठून घेतला?" मी विचारलं.

"नवव्या तळ्यातूनच."

"पंपघराच्या पायरीवरून. मी तिथेच होतो. पंप धुवायचा नळ चालू होता आणि तुम्ही त्या पाण्यात बूट भिजू नये म्हणून नळीवर पाय देऊन उभे होतात."

मागे हशा झाला. बूटवाला मात्र हसला नाही. त्याने म्हटलं की नोंदवहीत नमुन्याची जागा होती तिथूनच त्याने घेतला. हे खरं होतं. जागा मीच लिहिली होती, "पंपघराजवळ." पण इंजिनिअर माणसाला पाणी कुठून येतंय हे दिसत नाही का? दिसलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त एवढंच म्हणालो की मला दिसत होतं आणि मी गप्प बसलो, तेव्हा गप्प बसणारा माणूस कसा दिसतो हे मला चांगलं माहीत आहे.

मेहुणी उठली. तिने सात महिन्यांचे आकडे आणि त्याआधीच्या सात वर्षांचे आकडे बाईंच्या वहीवर ठेवले. तीन बाटल्यांतला फरक कधी नाहीसा झाला ती तारीख तिने बोटाने दाखवली. ती तारीख हिच्या तेराव्याची होती. ते ती बोलली नाही. मीही बोललो नाही.

बाईंनी विचारलं, "आत्ता नमुना घेता येईल?"

साहेब म्हणाले होडी जुनी आहे, विमा नाही. बाईंनी विचारलं, किती माणसं बसतात? मी म्हणालो, दोन. एक वल्ह्याला, एक दोरीला.

"दोरीला कोण?"

मेहुणी पुढे होणार होती. बाईंनी तिला थांबवलं. त्या बूटवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बसा. ज्याला शंका आहे त्याच्याच हातात दोरी असलेली बरी. उद्या कोणी म्हणायला नको."

मला वाटलं होतं मी सगळ्याला तयार आहे. याला नव्हतो. ती जागा हिची होती. बाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं, आणि नाही म्हणावं तर सगळंच बोंबललं असतं. मी होडी ओढली आणि त्याला म्हणालो, बसा.

काठावर सगळे उभे. तो वाकून, काठ धरून पुढच्या फळीवर बसला. होडी कलली. "डावीकडे सरका," मी म्हणालो. तो उजवीकडे सरकला. "डावीकडे. ज्या हाताला घड्याळ आहे तिकडे." तो सरकला, आणि होडी सरळ झाली. सात महिन्यांत पहिल्यांदा सरळ झाली. मी वल्ही मारायला लागलो.

मध्यावर पोचल्यावर त्याला मी ते काम शिकवलं. वजन आधी हळू सोडा. बाटली तळाला टेकवू नका, मिठाचा गाळ येतो. दोरीवर गाठी आहेत, बोटांनी मोजा, डोळ्यांनी नको. आता बूच ओढा. थांबा. बुडबुडे थांबू द्या. हे सगळं हिने मला सांगितलं होतं त्याच शब्दांत मी एका परक्या माणसाला सांगत होतो, आणि तो निमूट ऐकत होता. माणूस वाईट नव्हता, हात नेमका चालत होता. पहिली बाटली वर घेताना ते दाट पाणी त्याच्या मांडीवरून बुटांवर ओघळलं.

"हे धुतल्यावर जातं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "चामड्यातून नाही जात."

परत येताना तो म्हणाला की काका, आकडा सहा आला तरी आमची कंपनी बोली थोडी वाढवेल आणि घेईलच. कारखाना काढायला तुमच्या सरकारकडे दम पाहिजे. मी म्हणालो, असेल. पण निदान सहाच्या बोलीवर घ्या. साडेचारच्या बोलीवर सहाचा माल मी जिवंत असेपर्यंत तुम्हाला मिळणार नाही.

बाटल्या बाईंच्या समोर लाखेने बंद झाल्या आणि मेहुणीने त्यांच्यासमोरच उघडल्या. अडीच तास लागले. वरची पाच पूर्णांक सात, मधली सहा, तळाची सहा पूर्णांक एक. बाईंनी आकडे स्वतःच्या हाताने लिहिले, खाली बूटवाल्याची सही घेतली. त्याला करावी लागली, दोरी त्यानेच ओढली होती. मग त्यांनी कागदपत्रं पिशवीत घातली आणि सांगितलं की आज सह्या होणार नाहीत. नऊही तळी बाहेरच्या माणसांकडून नव्याने तपासली जातील, कारखान्याचा निर्णय त्यानंतर. त्यांनी कसलंही वचन दिलं नाही. फक्त जाताना मला विचारलं की तुम्ही हे आठ दिवस आधी का नाही सांगितलंत. मी म्हणालो, सात महिने आधी सांगायला पाहिजे होतं.

ते लोक गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. निलंबनाचं पत्र तयार होतं. मेहुणीला फक्त ताकीद, कारण आकडे तिने बदलले नव्हते. साहेब दमलेले दिसत होते, त्यांच्यावरही चौकशी येणार होती. तरी त्यांनी मला खुर्ची दिली आणि एक कोरा कागद पुढे ठेवला. तुमचं निवेदन लिहा, म्हणाले. मग त्यांनी काय लिहायचं तेही सांगितलं. बायको गेल्यामुळे मनावर परिणाम झाला होता, काय करतोय याचं भान नव्हतं, असं लिहा. डॉक्टरांचा दाखला मी मिळवून देतो. मग बडतर्फी होणार नाही, पेन्शन वाचेल. "आणि ते खोटंही नाही," साहेब म्हणाले.

थोडं खरं होतं. म्हणूनच मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो.

पण मी विचार केला. ज्या माणसाला सात महिने भान नव्हतं त्याला आजच कसं आलं? बूटवाल्याचे वकील पहिलं हेच विचारतील. वेड्याने सांगितलेला आकडा वेड्याचाच, साडेचारही आणि सहाही. आणि दुसरं म्हणजे, हिने एकवीस वर्षांत एक बाटली काठावर भरली नाही. माझ्या खोट्या चिठ्ठ्यांचं कारण म्हणून तिला त्या कागदावर मी बसवणार नव्हतो. ती मेली म्हणून माझ्या कामाला येईल असं कोणी समजू नये.

मी साहेबांना म्हणालो की दाखला नको. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, पंपकाका, हट्टाने पोट भरत नाही. मी म्हणालो, मला ठाऊक आहे.

मग मी लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, पानभर झालं. मी एवढंच लिहिलं:

"नवव्या तळ्याचे सात महिन्यांचे नमुने मी पंपघराच्या पायरीवरून भरले. ते चूक आहे हे भरताना मला माहीत होतं. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मी आजारी नव्हतो. मी पूर्ण शुद्धीवर होतो आणि हे लिहितानाही आहे. तळ्याचा खरा कस सहा आहे. कोणीही, कधीही, कुठेही विचारलं तरी मी हेच सांगणार."

खाली सही केली. साहेबांनी कागद वाचून परत माझ्याकडे सरकवला. अजून वेळ आहे, फाडून टाका, म्हणाले.

मी तो उचलून आवक-जावकच्या बाईंकडे नेला आणि त्यावर शिक्का मारून घेतला.